आत्याची पात

"तुम्ही काम करणं कधी थांबवलंत?" हा माझ्या प्रश्नावलीतला अकरावा प्रश्न. शहापूरच्या बाजारात भाजी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी तो विचारला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या भेंडीच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताय, मी थांबलेला दिसतो काय तुमाला?" शेजारची कोथिंबीरवाली खो खो हसली. मी गुपचूप अर्धा किलो भेंडी घेतली आणि रकाना रिकामा सोडला.

मी अर्थशास्त्र शिकवते. कर वाढला की माणूस काम कमी करतो का, पेन्शन लागली की थांबतो का, आणि या सगळ्यात गरीब-श्रीमंतांमधलं अंतर वाढतं की घटतं, असल्या प्रश्नांपायी मी अर्धं आयुष्य घालवलंय. ऐकणाऱ्याला जांभई येते, ठाऊक आहे मला. पण मला हे प्रश्न पहिल्यापासून झोप येऊ देत नाहीत, आणि त्याला कारण आमचंच घर. माझे वडील कसाऱ्याला रेल्वेत होते. साठ पूर्ण झाली त्या दिवशी हार, नारळ, भाषणं, आणि दुसऱ्या दिवसापासून घरी. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या बाजूच्या गावी दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भाताचा अर्ध्या एकराचा तुकडा तेवढा तिच्या नावावर. आधार कार्डावर तिचं वय पंच्याहत्तर. ते मास्तरांनी अंदाजानं टाकलंय असं तिचं म्हणणं. एवढं वय होऊनही दर पावसाळ्यात ती गुडघाभर चिखलात.

एका आईची ही दोन लेकरं. एकाला थांबायची तारीख सरकारनं छापून दिली, दुसरीला कुणीच दिली नाही. मग ही दुसरी थांबणार कधी? आणि ते ठरवणार कोण? मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यात काय शोधायचंय? अंग थकलं की मानूस थांबतो."

"तुम्ही थकला होतात?"

"नाय."

"मग?"

"तू चहा टाक," बाबा म्हणाले.

असं आमचं संशोधन. शेवटी गेल्या वर्षी आवणीच्या दिवसांत मी दहा दिवसांची रजा टाकली आणि आत्याकडे जाऊन राहिले. आवणी म्हणजे भाताची लावणी. राबातली, म्हणजे बी पेरून ठेवलेल्या वाफ्यातली, कोवळी रोपं उपटून, त्यांच्या मुठी बांधून, चिखल केलेल्या खाचरात ती एकेक लावायची. हे काम आमच्या आत्याच्या वस्तीत मजुरीनं होत नाही, सावडीनं होतं. अकरा घरांची सावड. आज तुमच्या शेतात, उद्या माझ्या. घरटी एक बाई रोज उतरते आणि जिचे दिवस भरले नाहीत तिच्या शेतात सावड जात नाही. लिहिलेलं काही नाही, पण मोडतही कुणी नाही. आत्याच्या घरची बाई म्हणजे आत्याच. तिचं शेत त्या वर्षी सगळ्यात शेवटी होतं.

मी गेले ते छत्री, वही आणि फोन घेऊन. बायकांना माझी भारी मजा वाटली. "काय लिवतेस गो एवढं?" "आमी वाकलो की लिवतेस, का उठलो की?" एकीनं विचारलं, "याचा पगार भेटतो तुला?" मी हो म्हटल्यावर सगळी रांग उभी राहून माझ्याकडे बघायला लागली. पहिल्या पातीवर उभी राहणारी बाई आत्याची शेजारीण. वयानं माझ्याएवढीच, पण सगळे तिला काकी म्हणत म्हणून मीही म्हणायचे. काकीनं फर्मान काढलं, "लिवू दे तिला. छत्री तेवढी पलीकडं धर, उजेड अडतो."

पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याचा पट्टा. बायका ओळीनं वाकतात, हात पोचेल तेवढ्या सहा ओळी आपल्या समोर लावतात आणि एकेक पाऊल मागे सरकत जातात. रांग सरळ राहिली पाहिजे. एखादी मागे पडली की रांग वाकडी होते आणि बांधावर उभ्या असलेल्या कुणालाही ते दिसतं. ही रांग वाकडी होतच नाही, हे मात्र मला दिसायला दोन दिवस लागले. काकी पहिली, तिच्या शेजारी आत्या, आत्याच्या पलीकडे काकीची सून. पंच्याहत्तरीची आत्या आणि पंचविशीची ती पोर बरोबरीनं मागे सरकत होत्या. एक पाऊल इकडे नाही, तिकडे नाही. हे कसं शक्य आहे? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

मी फोनवर व्हिडिओ घेतला आणि आत्याच्या ओटीवर बसून तो पुन्हा पुन्हा, थांबवून थांबवून बघितला. मग दिसलं. काकीचा डावा हात दर वेळी आपली सहावी ओळ झाली की आणखी एक वीत पुढे जायचा आणि आत्याच्या पातीतली एक ओळ लावून मागे यायचा. सुनेचा उजवा हातही तसाच. कधी एक ओळ, कधी दोन. आत्याच्या वाट्याला उरत होत्या तीन. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, बोलत नव्हत्या, गप्पा वेगळ्याच चालल्या होत्या, कुणाच्या तरी जावयाच्या. पण हात जात होते. सुनेच्या पलीकडची बाईसुद्धा एक ओळ सुनेकडे सरकत होती, म्हणजे सुनेवर सगळा भार पडू नये म्हणून.

खरं सांगते, मला आनंदानं नाचावंसं वाटलं. अहो, कर म्हणजे दुसरं काय असतं? ज्याला झेपतं त्यानं थोडं जास्त द्यायचं, ज्याला झेपत नाही त्याला पुरवायचं. आमच्या पुस्तकांत त्यासाठी कायदा लागतो, वसुली लागते, आणि एवढं करूनही माणसं टाळतात. इथं ना पावती, ना अधिकारी. आमचा सिद्धांत सांगतो की कर बसला की माणूस हात आखडता घेतो. इथं हात लांब होत होते! आणि आत्या? आत्या कामावर होती, पूर्ण दिवस भरत होती, आणि त्याच वेळी अर्धी निवृत्तही झाली होती. माझ्या प्रश्नावलीत असला रकानाच नव्हता. हे कधीपासून चाललंय, कुणी ठरवलं, दर वर्षी किती ओळी वाढतात, शंभर प्रश्न. मला धीर धरवेना.

आणि तिथंच माझी अक्कल गहाण पडली.

दुसऱ्या दिवशी काम लवकर आटोपलं. पाऊस उघडला होता, अजून चांगला उजेड होता. बायका हातपाय धुऊन वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर टेकल्या. काकी म्हणाली, "बाय, दाखव तरी काय लिवलंस ते. आमाला पन कळू दे." मी वाटच बघत होते. व्हिडिओतलं एक चित्र घेऊन त्यावर मी प्रत्येकीची पात, म्हणजे जिनं स्वतः जेवढं लावलं तेवढीच, रंगानं भरली होती, फोनवरच, मोठ्या हौसेनं. हिरवी काकीची, निळी सुनेची, असं. फोन हातोहात फिरला. बायका हसत होत्या, आपापली पात शोधत होत्या. आत्यानं फोन हातात घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले.

"ही लाल कोनाची गो?"

"तुझीच!" मी म्हटलं. टाळी वाजवायची तेवढी बाकी होती. आणि तेवढ्यावर थांबले असते तर! नाही. मी तिथंच उभी राहून सगळं समजावून सांगितलं. या दोघी तुझ्या ओळी कशा लावतात, पलीकडची त्यांना कशी पुरवते, आणि हे किती मोठं आहे, असं मोठमोठ्या शहरांत कसं जमत नाही. शहाणपणा पाजळत होते, दुसरं काय! बोलता बोलता लक्षात आलं की माझ्याशिवाय कुणाचाच आवाज येत नाहीये.

आत्या अजून फोनकडे बघत होती. "बारीक हाय," एवढंच म्हणाली. फोन माझ्या हातात दिला, पदर खोचला, चपला पायात घातल्या आणि घराकडे चालायला लागली. काकीनं माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या उठली, चूल पेटवली, भाकऱ्या केल्या आणि ओटीवर बसली. मी विचारलं, "जायचं नाही?" "पाय दुखतो." त्याच्या दुसऱ्या दिवशीही पाय दुखत होता. त्या पायानं ती दोनदा राबापर्यंत जाऊन आली, मी बघितलं. राबात तिची रोपं हातभर वाढली होती. भाताच्या रोपाला थांबता येत नाही. दिवस उलटले की त्याच्या काडीला गाठ धरते आणि मग ते लावून उपयोग नसतो. आठवडा, फार तर दहा दिवस. आणि सावडीत दिवस घातला नाही तर सावड येणार नाही, म्हणजे शेत पडीक राहणार.

"आपण मजूर लावू," मी म्हटलं. "मी देते पैसे. शहापूरहून टेम्पो भरून माणसं आणते, एका दिवसात काम होईल."

"आन ना," आत्या म्हणाली. "पन मग शेत तुझं. मजूर लावून पिकवायचं तर त्यात माझं काय रायलं? त्यापरीस इकलेलं बरं."

मी बाबांना फोन लावला. वाटलं, त्यांच्या बहिणीची गोष्ट, काही तरी मार्ग सांगतील. तर बाबा म्हणाले, "बरं झालं. आता तरी बसेल एका जागी. त्या तुकड्यासाठी प्लॉटवाल्यांचे किती फोन येतात तुला म्हायत नाय. फार्महाऊस बांधायचंय लोकांना. देऊन टाकू आनि तिला इकडं आणू." मी अशी भडकले की आत्यानं आतून विचारलं, "कोनाशी भांडतेस?" मी फोन ठेवला. बाबांवर राग काढून काय होणार होतं? हा गोंधळ माझाच होता, आणि माझ्या एका चित्रापायी आत्याचं शेत जायची वेळ आली होती.

मी काकीकडे गेले. काकी अंगणात पावसात डोक्यावरून घ्यायचं इरलं वाळत टाकत होती. मला बसही म्हणाली नाही.

"तिला बोलवा ना काकी. तुम्ही बोलवलंत तर येईल."

"बोलवीन. येईल पन एक वेळ. पन मग काय करायचं? ती वाकली की बघत राहणार, कोनाचा हात कुठं जातो. आमी हात नाय घातला तर ती मागं पडणार, आनि घातला तर तिच्या डोळ्यांदेखत घालायचा?" काकीचा आवाज चढला. "तुला मोजायला कोनी सांगितलं होतं गो? आमी मोजत होतो काय?"

पण खोड काही जाता जात नाही, रडकुंडीला आलेली असतानाही मी विचारलंच, "तुम्ही कधी ठरवलंत हे? सगळ्या मिळून बोललात का?"

"ठरवायचं काय त्यात? एक दिस हात पुढं गेला," काकी म्हणाली. मग जरा थांबून, माझ्यावर दया आल्यासारखी म्हणाली, "तिच्या घरचं मानूस आलं पाहिजे. घरटी एक. ते आलं म्हंजे झालं."

घरचं माणूस मी. मला आवणी येते का? शहापूरला वाढलेली, पुस्तकं वाचून मोठी झालेली बाई मी. पण दुसऱ्या दिवशी आत्याची जुनी साडी खोचून मी खाचरात उतरले, काकी आणि तिच्या सुनेच्या मधोमध. पहिल्या दहा मिनिटांत बायकांनी माझी जी काय थट्टा केली! "ताय, रोप उलटं लावलंस काय?" "अगो, वही आन तिची, लिवून ठेवू." पण त्या हसत होत्या, हेच मला पुष्कळ होतं. माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग मला एक गोष्ट कळली. बांधावर छत्रीखाली उभं राहून ती कधीच कळली नसती. वाकलेल्या माणसाला काही दिसत नाही. आपले हात दिसतात, मूठ दिसते, गढूळ पाणी दिसतं. कंबर अशी भरते की मान फिरवायचं सुचत नाही. मी आपली लावत होते, मागे सरकत होते, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते की वा, जमतंय की! रांगेच्या बरोबरीनं चाललेय! जेवणाच्या सुट्टीत बांधावर चढून वळून बघितलं. माझ्या स्वतःच्या तीनच ओळी होत्या. वेड्यावाकड्या होत्या म्हणून ओळखता आल्या, नाही तर कळल्याही नसत्या. म्हणजे आत्याला दिल्या त्यापेक्षा मला एकही जास्त नाही!

"काकी, तुम्ही माझीही पात खाल्लीत," मी म्हटलं.

"गप जेव," काकी म्हणाली.

चार दिवस मी उतरले. उठता-बसता कण्हत होते. आत्या रोज संध्याकाळी मला तेल गरम करून द्यायची, कमरेला लाव म्हणायची, पण शेतातलं एक अक्षर विचारायची नाही. कोण होतं, किती झालं, काही नाही. माझी वही पिशवीत पडून होती आणि ती उघडायची माझी छाती नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी काकीनं अंगणातून हाक मारली, "आत्याबाय, आज तुझं शेत. मुठी बांधायला घे." आम्ही सगळे तिला आत्याच म्हणतो, ती अख्ख्या वस्तीची आत्या आहे. आत्यानं घागर उतरवून ठेवली आणि म्हणाली, "रात्रीच बांधून ठेवल्या."

तिचं शेत अकराजणींनी दुपारपर्यंत उरकलं. माझ्यासकट. आत्या खाचरात उतरली नाही. ती बांधावरून मुठी फेकत होती, जिच्या हातातलं रोप संपेल तिच्या पुढ्यात बरोबर मूठ पडायची. ते काम म्हाताऱ्यांचं, नाही तर पोरांचं. तिनं ते कुणी न सांगता घेतलं आणि कुणी काही म्हटलंही नाही. एकदाच, सुनेच्या हाताशी मूठ टाकताना, तिनं माझ्या दोन्ही बाजूंचे हात माझ्या पातीत येताना बघितले. मीही तिच्याकडे बघत होते. तिनं नजर काढून घेतली आणि पुढची मूठ उचलली.

बायका गेल्यावर आम्ही दोघी बांधावर बसलो. हिरव्या बारीक काड्या पाण्यात उभ्या होत्या. आत्या पायाचा चिखल काडीनं खरवडत होती. मी म्हटलं, "आत्या, चुकलं माझं. तुला माहीत नव्हतं आणि मी चारचौघांत..."

"म्हायत नव्हतं?" आत्या म्हणाली. "माझ्या सासूची पात मी सात पावसाळे खाल्ली बाय. मी एका अंगानं, काकीची सासू दुसऱ्या अंगानं. म्हातारी आपली खुशीत. 'माझा हात अजून कसा चालतो बघ' म्हनायची. आमी दोघी तोंडात पदर घालून हसायचो."

तिनं दुसऱ्या पायाचा चिखल खरवडायला घेतला.

"मग आपली पाळी येईल तवा आपल्याला कळंल, असं वाटायचं मला," ती म्हणाली. "आली तवा कळली पन. काकीचा हात दिसला ना मला, पाच सालांमागं. पहिल्याच दिवशी दिसला. तवापासून मी मान वर केली नाय. जेवायला उठले तरी शेताकडं पाठ करून बसायची. ओळी बघितल्याच नाय कदी. बघितल्या नाय तर माझ्याच हायत ना सगळ्या?"

काडी तिनं पाण्यात टाकली.

"पाच पावसाळे मान खाली घालून राह्यले, बाय. आनि तू सगळ्यांसमोर ती हनुवटीला धरून वर केलीस."

मी रडायला लागले. आत्यानं मला गप्प केलं नाही. ती शेताकडे बघत होती.